खोक्यातलं नॅट आणि आपलं नॅट

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९६४ साली नॅट या जेट विमानाची प्लास्टिकची प्रतिकृती बाजारात आणली. सुटे भाग, ते जुळवण्याचा नकाशा आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, असं सगळं एका लहान खोक्यात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६५ मध्ये, याच नावाचं विमान आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं आणि ‘सेबर-मारक’ ही पदवी त्याला चिकटली ती कायमची. नाव एक, कारखाना एक, अभियंताही एकच. पण खोक्यातलं विमान आणि पठाणकोटवरून उडालेलं विमान ही दोन वेगळी विमानं आहेत. हा फरक किती मोठा आहे आणि तो का पडला, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझ्याकडचं खोकं नागपूरचं. हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे तिथल्या रद्दीत कधीकधी अशा वस्तू निघतात, ज्या आमच्या यवतमाळात शोधूनही सापडणार नाहीत. खोक्याचे कोपरे फाटलेले, खुणांचा कागद पिवळा पडलेला, चाकाची एक दांडी गायब. बाकी सगळे भाग मात्र चौकटीला जसेच्या तसे लटकलेले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने घरात असलं खेळणं आणलं की घरचे काय म्हणतात, ते वाचकांनी समजून घ्यावं.

आधी या खेळण्याची थोडी कुळकथा. एअरफिक्सची स्थापना १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने केली. सुरुवातीला कंपनी हवा भरायची रबरी खेळणी करी, मग प्लास्टिकचे कंगवे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती विक्रेत्यांना जाहिरातीसाठी द्यायला म्हणून. तिथून जहाजं आणि विमानं आली, आणि वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांत ती पोरांच्या हाती पडू लागली. पण प्लास्टिकच्या विमानांचा मान एअरफिक्सचा नव्हे. फ्रॉग या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्येच ‘पेंग्विन’ नावाने अशी विमानं काढली होती. या फ्रॉगचा शेवटही मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात कंपनी गुंडाळली गेली तेव्हा तिचे बरेचसे साचे सोव्हिएत रशियाकडे गेले, पण जर्मनी, इटली आणि जपानच्या विमानांचे साचे रशियाने घेतले नाहीत. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती आणि प्रश्न तळहातावर मावणाऱ्या विमानांचा होता, तरीही.

या खेळण्यांचं प्रमाण सहसा १:७२ असतं. ते इतकं विचित्र का, हा प्रश्न मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या माणसाला पडतोच. उत्तर फूट-इंचात आहे: एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे साधारण एक उभा माणूस. तिसाव्या दशकात ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी प्रतिकृतींसाठी जेम्स हे स्टीव्हन्स यांनी हे प्रमाण वापरलं आणि पुढे तेच रूढ झालं. माझ्या दृष्टीने याचा फायदा सरळ आहे. पट्टी लावली, बहात्तरने गुणलं, की खऱ्या विमानाचं माप हाती येतं. अभिलेखागारात न जाता करता येणारी ही तपासणी आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसून काम करणाऱ्याला ती फार उपयोगी पडते.

पट्टी लावली. एअरफिक्सच्या विमानाची लांबी सुमारे साडेतेरा सेंटिमीटर भरायला हवी, पंखांचा पसारा दहा सेंटिमीटरच्या थोडा वर. कारण हे नॅट टी-१ आहे: लांबी ९.६८ मीटर, पसारा ७.३२ मीटर, दोन आसनांचं प्रशिक्षण विमान. आपल्या हवाई दलाचं नॅट एफ-१ होतं: लांबी ८.७४ मीटर, पसारा ६.७३ मीटर, आसन एक. प्रतिकृतीत लांबीचा फरक १३ मिलिमीटर आणि पसाऱ्याचा ८. वाचायला किरकोळ वाटतो, पण पंखांचं क्षेत्रफळ पाहा. एफ-१चं सुमारे १३७ चौरस फूट, टी-१चं १७५. म्हणजे पंख जवळपास सव्वापट. शेपटीही मोठी. आणि मुख्य म्हणजे, हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या बगलेला एफ-१वर ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा असत. टी-१वर त्या जागी काहीच नाही.

असं का झालं, याचं उत्तर विल्यम पेटर या माणसापासून सुरू होतं. पेटर हे कॅनबेरा बॉम्बर आणि पुढे लाइटनिंग झालेल्या विमानाच्या मूळ आराखड्यामागचे अभियंता. १९५० मध्ये ते फोलंड या लहान कंपनीत आले. त्यांच्या डोक्याने घेतलं होतं की लढाऊ विमानं विनाकारण जड, गुंतागुंतीची आणि महाग होत चालली आहेत. लहान विमान करा, इंजिन लहान लावा, म्हणजे इंधन कमी, म्हणजे वजन आणखी कमी. या हट्टातून ‘मिज’ नावाचं विमान ऑगस्ट १९५४ मध्ये आणि त्याचा थोरला भाऊ नॅट जुलै १९५५ मध्ये उडालं. मिज म्हणजे चिलट, नॅट म्हणजे त्याच जातीची माशी. पूर्ण भरलेलं नॅट सुमारे चार टनांचं. (पेटर पुढे विमानविद्या कायमची सोडून स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समुदायात जाऊन राहिले. त्यांच्यावर मराठीत कोणी लिहिलं पाहिजे.)

ब्रिटिश हवाई दलाने हे लढाऊ विमान घेतलं नाही. त्यांनी हंटर पसंत केलं. मात्र वैमानिक शिकवायला नॅट बरं पडेल म्हणून त्यांनी दोन आसनांची, मोठ्या पंखांची आवृत्ती करून घेतली. ती ऑगस्ट १९५९ मध्ये उडाली आणि अशी एकूण १०५ विमानं झाली. १९६५पासून ‘रेड अ‍ॅरोज’ या कसरतपथकाने ती लाल रंगवून आकाशात नाचवली. ब्रिटिश मुलाने डोक्यावर पाहिलेलं नॅट ते हेच. खोकी त्यालाच विकायची होती, तेव्हा एअरफिक्सने टी-१ केलं यात त्यांचं काही चुकलं नाही. लढाऊ नॅट फिनलंडने तेरा घेतली, युगोस्लाव्हियाने दोन. खरं गिऱ्हाईक एकच होतं, भारत.

आणि भारतात ते कसं आलं? हा भाग मला सगळ्यांत आवडतो. १९५६ च्या करारानंतर पहिली तेरा विमानं इंग्लंडमधल्या हॅम्बल इथे जुळवलेली होती. त्यानंतर अर्धवट तयार विमानं आली, मग नुसते सुटे जोडभाग, आणि बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने आधी जुळणी, मग निर्मिती, असं काम हळूहळू हातात घेतलं. हवाई दलाचं पहिलं नॅट तर जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमध्येच उडालं आणि मग सी-११९ या मालवाहू विमानाच्या पोटातून इथे आलं. भारतीय भागांनी बनलेलं पहिलं नॅट मे १९६२ मध्ये उडालं. म्हणजे खेळण्यातल्या नॅटच्या आधी खरं नॅटच आपल्याकडे सुट्या भागांतून जुळवलं जात होतं, आणि ते जुळवणाऱ्यांनी त्यातूनच जेट विमान करायची विद्या उचलली. हा कारखाना १९४० साली ज्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभा केला ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे मराठी वाचकाला सांगायला हरकत नाही. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी काढलेली सरकारी कंपनी त्यात मिसळली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ घडली ती त्यानंतर. ओझरची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या आधीच्या नॅटच्या शिकवणीची आठवण मात्र सहसा निघत नाही.

नॅटची पहिली तुकडी २३ क्रमांकाची. मार्च १९६० मध्ये ती व्हँपायर सोडून नॅटवर आली. इथे दोन आसनांचा मुद्दा पुन्हा येतो. आपल्या हवाई दलाने टी-१ घेतलंच नाही. मागे गुरू बसलेला आहे, काही चुकलं तर तो सावरेल, ही सोय भारतीय वैमानिकाला नॅटमध्ये कधीच नव्हती. त्याचं नॅटमधलं पहिलं उड्डाण एकट्याचंच. आणि विमान तर असं, की हातातल्या दांडीच्या जराशा हालचालीला ताडकन उत्तर देणारं.

आता त्या पदवीविषयी. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची नोंद झाली आणि त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानी बाजूची हकिकत अशी की तो वैमानिक, यूसुफ अली खान, मोडकं विमान घेऊन सरगोध्याला उतरला. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी या युद्धावर २००५ मध्ये लिहिलेला ग्रंथ दोन्ही बाजू ताडून पाहतो, तो जिज्ञासूंनी वाचावा. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. वाट चुकून, की पाकिस्तानी स्टारफायटरच्या दडपणाखाली, यावर दोन देशांच्या दोन हकिकती आहेत. ते विमान आज कराचीच्या संग्रहालयात आहे. पहिल्या दिवसाच्या या दोन गोष्टींपैकी आपण एकच सांगत आलो. मला विचाराल तर पदवीला त्याने काही बाधा येत नाही. दुसऱ्या दिवशी पठाणिया यांनी, आणि १९ सप्टेंबरला ट्रेव्हर यांचे बंधू डेन्झिल कीलर यांनी केलेली कामगिरी आहेच. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्यावर मॅसी, गणपती, लाझारस आणि सोरेस यांच्या चार नॅटनी सेबर गाठले. दोन पाकिस्तानी वैमानिक छत्रीने उतरून हाती लागले, त्यांतले एक परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला चालू असताना निर्मलजित सिंग सेखों एका नॅटमधून उडाले, ते परतले नाहीत. हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. वय २६. त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीत कोणी नव्हतं, कारण खुर्चीच नव्हती.

एवढं कळल्यावर खोक्यातलं विमान जसंच्या तसं जुळवणं मला पटेना. कापून एफ-१ करायचं ठरवलं. १३ मिलिमीटर एका जागी कापून चालत नाही. पुढून थोडं, मधून थोडं असं घ्यावं लागतं, नाहीतर नाक डुकरासारखं दिसतं. पंख मुळाशी आणि टोकाशी तासले. पंखावरच्या रेघाही चुकीच्या: टी-१ला बाहेरच्या टोकाला एलरॉन आणि आत फ्लॅप असतात, एफ-१ला एलरॉन आतल्या बाजूला, तेच उतरताना खाली झुकून फ्लॅपचं काम करतात. तेव्हा मोटारींना पेंटर लावतात ती लांबी भरून रेघा बुजवल्या आणि सुईने नव्या ओढल्या. तोफांच्या नळ्यांसाठी इंजेक्शनच्या सुया. चाकाची हरवलेली दांडी खोक्यातल्या उरलेल्या चौकटीतून कोरली. ती कोरताना लक्षात आलं की चाकं पंखांत नाही, पोटात मिटतात. पंख इतके पातळ की आत जागाच नाही. शिवाय ही चाकं अर्धवट खाली सोडली की झडपांसकट हवेत ब्रेक म्हणून चालत. एकाच भागाकडून दोन कामं, पेटरचा हट्ट इथेही आहे.

यवतमाळात हे काम मार्च ते जून होत नाही. लांबी वाळते ती तडकते, आणि कूलर लावला की बारीक भाग खोलीभर उडतात. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. रंग चंदेरी दिला. खोक्यातल्या खुणा निळ्या-पांढऱ्या-लाल, ब्रिटिश, त्या निरुपयोगी. आपलं चक्र बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. ते सहा मिलिमीटरच्या गोलात हाताने काढायला तीन रविवार गेले.

हल्ली एका झेक कंपनीने लढाऊ नॅटची आणि त्याच्या भारतीय सुधारित आवृत्तीची, म्हणजे अजितची, स्वतंत्र खोकी काढली आहेत. कापाकापी न करता आपलं नॅट मिळू शकतं. अजितमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने पंखांतच इंधन साठवलं, त्यामुळे पंखांखालच्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या. ही विमानं १९९१ पर्यंत सेवेत होती.

माझ्या कापाकापीतून मागची खुर्ची आणि काचेचा मागचा अर्धा भाग उरला. अजितची दोन आसनी आवृत्ती बंगळुरूत केली गेली होती, ती १९८२ मध्ये उडाली. म्हणजे नॅटच्या घराण्यात गुरूची खुर्ची आपल्याकडे आली, पण नॅट निवृत्त झाल्यावर. अजितचं खोकं मागवलं आहे. खुर्ची तोवर काडेपेटीत आहे.