पडद्यामागचा प्रकाश



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवावेत अशी आपल्याला सवय लागली आहे. आज मी एका यंत्राचा इतिहास सांगणार आहे. मोठ्या पडद्यावर मागून चित्र टाकणारा दूरदर्शन-संच, ज्याला बाजारात ‘रिअर प्रोजेक्शन टीव्ही’ म्हणत, तो हा विषय. काही वर्षे हा संच हॉटेलांत आणि ऐपतदारांच्या दिवाणखान्यांत मिरवला. आज तो भंगारातही क्वचितच दिसतो. मी कॉलेजात शिकलेला माणूस नव्हे. कारखान्याच्या फाटकावर आणि कामगारांच्या सभांत जे शिकलो, त्याच नजरेने मी यंत्राकडे पाहतो. यंत्र कोणाच्या हातांनी चालते आणि ते गेले म्हणजे त्या हातांचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

मागे दिवा, मध्ये पडदा आणि पुढे प्रेक्षक ही योजना आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. पांढऱ्या कापडामागे दिवा ठेवावयाचा, त्याच्या उजेडात रंगविलेली बाहुली कापडाला लावून नाचवावयाची आणि रामकथा सांगावयाची, असा तो खेळ. या कलेची परंपरा टिकविणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पुढे 1890 नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने चित्रे रंगवून ती दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखविली. या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली आणि प्रकाशाच्या या धंद्याला नवे वळण मिळाले.

आपल्या कोल्हापुराने त्यात घातलेली भर तर सर्वश्रुत आहे. बाबुराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याची वाट पाहिली नाही. आनंदराव पेंटरांच्या अकाली निधनानंतर त्यांनी जिद्दीने 1918 साली आपला स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली लोकांपुढे आणला. उघडून पाहिले तर कोणतेही यंत्र समजते, ही या मातीची श्रद्धा आहे. उद्यमनगरच्या लेथवर आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तीच श्रद्धा आजवर पोट भरीत आली आहे.

आता दूरदर्शनकडे वळू. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी आणि मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी ते सुरू झाले. एका संचापुढे सारी आळी जमे, आणि मागच्यांना डोक्यांखेरीज काही दिसत नसे. मग पडदा मोठा का करू नये? अडचण काचेची होती. चित्रनळी आतून निर्वात असते आणि बाहेरून हवा तिला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भाराने दाबते. 43 इंची पडद्यावर हा भार पाच टनांच्या वर जातो. तो सोसावयाचा तर काच जाड हवी. सोनी कंपनीने 1989 साली असा संच काढला. त्याचे वजन सुमारे 200 किलोग्रॅम भरले. घरात चित्र पाहावयाचे की तुळई बदलावयाची, असाच प्रश्न पडावा!

यावरचा उपाय जुनाच होता. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीने 1947 च्या सुमारास लहान नळीवरचे चित्र आरशांनी मोठे करून मागून पडद्यावर टाकणारा संच विकावयास काढला होता. पुढे रंगीत संचात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या तीन वेगळ्या नळ्या बसविल्या. प्रत्येक नळी बहुधा सातच इंचांची. एवढ्या लहान नळीतून एवढा उजेड काढावयाचा म्हणजे ती तापणारच. म्हणून तिच्यापुढे थंडाव्यासाठी द्रव भरीत. भिंगातून निघालेला प्रकाश आरशावर आपटून पडद्याच्या पाठीवर पडे. दीपगृहासाठी फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात योजलेल्या भिंगाच्याच जातीची कंगोऱ्यांची तक्ती या पडद्यात असे, आणि तिच्यापुढील उभ्या रेघांची तक्ती तो उजेड डावीउजवीकडे पसरवी. म्हणून बसलेल्याला चित्र लख्ख दिसे आणि उभा राहिलेल्याला अंधुक. तिन्ही रंग बिंदूवर बिंदू जुळावे लागत. ते हलले की चेहऱ्यांना रंगीत कडा येत आणि कारागिराला बोलवावे लागे.

लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सूक्ष्म आरशांची चकती सिद्ध केली. नखाएवढ्या जागेत लाखो आरसे. एकेकाची रुंदी केसाच्या जाडीहून कमी. आणि प्रत्येक जण सेकंदाला हजारो वेळा कलतो. पुढे एक दिवा आणि एक फिरते रंगचक्र यांच्या जोडीने तीन नळ्यांचे काम या चकतीने केले. संच हलका झाला. मात्र काही हजार तासांनी दिवा बदलावा लागे. तेवढ्यात चपटे पडदे स्वस्त झाले, आणि भिंतीवर टांगता येणाऱ्या संचापुढे या पेटाऱ्याचा टिकाव लागला नाही. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीनेही 2012 च्या अखेरीस हे उत्पादन थांबविले.

येथे इतिहासाने एक विचित्र खेळ केला. घरातून हद्दपार झालेली ती आरशांची चकती चित्रपटगृहात शिरली. रिळे गेली, कार्बनच्या कांड्या त्याआधीच गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर ऑपरेटरचे कसबही गेले. रीळ तुटले तर अंधारात क्षणात जोडणारा, उजेडाचा रंग पाहून दोष ओळखणारा माणूस आज बटण दाबणारा उरला. यंत्राला नावे ठेवून हे दुःख कमी होणार नाही. नवी विद्या शिकावयाची संधी त्या माणसाला कोणी दिली काय, एवढेच आपण विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न याहून व्यापक आहे. त्या जुन्या संचाचे मागचे झाकण काढले की आरसा, भिंग, दिवा सारे दिसे. दिवा तर घरच्या माणसालाही बदलता येई. आजचा पातळ पडदा एकदा फुटला की दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या घरात जातो. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. पण हक्क कागदावर उतरल्याने कारागीर जगत नाही. सुटा भाग, नकाशा आणि माहिती त्याच्या हाती पडली पाहिजे; ती मागण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांनी संघटित झाले पाहिजे.

गडमुडशिंगीच्या तरुणांना माझी एक सूचना आहे. असा एखादा जुना संच भंगारात सापडला तर तो विजेला न जोडता, जाणकाराच्या देखरेखीखाली शाळेत उघडून मांडा. कंगोऱ्यांची तक्ती मात्र उन्हात ठेवू नका. ती कागद पेटवते. आरसा कोठे, भिंग कोठे हे मुलांना हाताने दाखवा. ज्याने यंत्राचे पोट पाहिले, त्याला यंत्राची भीती उरत नाही, आणि त्याच्या मालकाचीही फारशी उरत नाही.