क्रँककेस वायुवीजन आणि टर्बोचार्जर : एका सवलतीचा इतिहास

प्रास्ताविक :

मोटारवाहनांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराकडेच जाते. इंजिनाच्या क्रँककेसमधून निसटणाऱ्या वायूंची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक अमेरिकेत मोटारप्रदूषणावरील पहिले यांत्रिक नियंत्रण आले ते याच वायूंवर. टर्बोचार्जर असलेल्या अवजड डिझेल इंजिनांना मात्र त्यातून दीर्घकाळ सूट मिळाली. ती का मिळाली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

समस्येचे स्वरूप :

सिलिंडरमध्ये ज्वलन होत असताना पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. यालाच ‘ब्लो-बाय’ म्हणतात. त्याला वाट करून दिली नाही, तर आतील दाब वाढतो, ऑइल सीलमधून तेल गळू लागते आणि तेलही लवकर खराब होते. जुन्या मोटारींत यावर सोपा उपाय होता : क्रँककेसला एक नळी जोडून तिचे तोंड रस्त्याच्या दिशेने उघडे सोडले जाई. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर पडत. ते कुठे जातात, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न लॉस एंजेलिसच्या धुरक्याने विचारायला लावला. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते, असे आरी हागेन-स्मिट यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसचा होता. तेव्हा ती नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडून, थ्रॉटलमागे निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या जोरावर हे वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जाळण्याची योजना पुढे आली. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून आणि देशभर १९६३ च्या मॉडेलांपासून ती रूढ झाली. उपाय स्वस्त होता; तरीही तो लांबणीवर टाकण्यासाठी मोटारउत्पादकांनी संगनमत केल्याचा आरोप ठेवून अमेरिकी न्याय विभागाने १९६९ साली दावा दाखल केला. दाव्याचा शेवट त्याच वर्षी तडजोडीने झाला.

टर्बोचार्जरची अडचण :

ही सारी योजना मॅनिफोल्डमधील निर्वातावर उभी आहे. टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर नेमका तोच हिरावून घेतो. आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेली टर्बोची कल्पना १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या मोटारींतून सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. अशा इंजिनात बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डचा दाब वातावरणाहून अधिक असतो. म्हणजे ब्लो-बाय सर्वाधिक असतो त्याच क्षणी ओढ नाहीशी होते. इतकेच नव्हे, तर हवा उलट क्रँककेसमध्ये शिरू पाहते. म्हणून तेथे एकमार्गी झडप बसवतात. बूस्टमध्ये ती बंद होते आणि वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टर व कॉम्प्रेसर यांच्यामधील भागात जातात, कारण तेथे अल्पशी ओढ शिल्लक असते.

परंतु या वायूंबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंबही जातात. ते कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आणि इंटरकूलरच्या आत साचतात आणि उष्णतेने चिकट होतात. शिवाय टर्बोच्या बेअरिंगमधील तेल क्रँककेसमध्येच परतत असल्याने तेथील दाब वाढला, तर त्या तेलाचा निचरा अडतो आणि ते टर्बोच्या सीलमधून झिरपू लागते. ऑइल सेपरेटर लागतो तो यासाठीच.

डिझेल आणि कायदा :

पारंपरिक डिझेल इंजिनाला थ्रॉटलच नसल्याने तेथे मुळातच निर्वात नाही. टर्बो आणि आफ्टरकूलर तेलाने माखतील, या भीतीपोटी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने टर्बोयुक्त अवजड डिझेल इंजिनांना क्रँककेस उघडे ठेवण्याची मुभा दिली होती. ही मुभा अभियांत्रिकीच्या दृष्टीने असमर्थनीय नव्हती. पण सेपरेटर सुधारल्यावरही ती टिकून राहिली, हे मात्र खटकते. जानेवारी २००१ च्या नियमाने २००७ च्या मॉडेलांपासून ती संपवली. वायू बाहेर सोडायचेच असतील, तर त्यांची मोजणी सायलेन्सरमधील उत्सर्जनात धरावी, असे ठरले.

नियम नव्या इंजिनांपुरता होता. रस्त्यावरच्या जुन्या बसगाड्या तशाच धावत राहिल्या. क्लीन एअर टास्क फोर्स या संस्थेने अमेरिकेतील शालेय बसगाड्यांविषयी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, बसच्या आतील सूक्ष्म कणांचा मोठा स्रोत बॉनेटखाली उघडणारी क्रँककेसची नळी असल्याचे नमूद आहे. हे बॉनेट बसच्या दाराला लागूनच असते, आणि मुले चढतात-उतरतात तेव्हा तेच दार उघडे असते. क्रँककेस बंद करणारा गाळणीसंच बसवल्यावर हे कण जवळजवळ नाहीसे झाले.