परसातल्या तळ्यातला रंगीत मासा : त्याची कुळकथा आणि त्याची निगा



त्र्यंबकेश्वराच्या परिसरात अलीकडे घरामागच्या हौदात, मंगल कार्यालयाच्या अंगणात, शेतावरच्या लहान तळ्यात लाल-पांढरे, केशरी, काळ्या ठिपक्यांचे मासे दिसू लागले आहेत. दुकानदार त्यांना ‘कोई’ म्हणतो. बंगालात ‘कोई’ म्हणतात तो मासा निराळा, हा निराळा. हे मासे हौसेने आणले जातात आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात उलटे होऊन तरंगतात. मग घरातली माणसं म्हणतात, “परदेशी मासा, आपल्याकडे टिकायचा नाही.”

हे खरे नाही. या माशाचे कूळ पाहिले तर तो तुमच्या-माझ्यासारख्या डोंगरी, भातशेती करणाऱ्या शेतकऱ्याच्याच घरचा आहे. त्याला काय लागते ते त्याच्या इतिहासात सापडते. म्हणून आज आधी इतिहास सांगू आणि मग निगा.

आपल्याकडची जुनी रीत

मासे पाळणे आपल्याला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, त्यांना काय खाऊ घालावे आणि गळाला कसे लावावे, हे सारे त्यात आहे. म्हणजे माशाला काय मानवते याचा विचार दख्खनच्या दरबारात नऊशे वर्षांपूर्वी चालू होता.

दुसरी रीत देवाच्या डोहाची. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते, तशी वैतरणा पश्चिमेला जाते. हीच वैतरणा खाली वाडा तालुक्यात तिळसे येथे शंकराच्या देवळापाशी येते. तिथल्या डोहात महाशीर जातीचे मोठाले मासे आहेत. लोक त्यांना देवमासे मानतात, खाऊ घालतात, धरत मात्र नाहीत. महाशीर हा कार्पच्याच कुळातला. इंग्रज अमदानीत कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची नोंद केली. तीत त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचे वर्णन केले आहे.

आता या डोहातला मासा औषधावाचून का जगतो, याचा विचार करा. डोह खोल आहे, पाणी वाहते आहे आणि माशांची संख्या पाण्याच्या मानाने बेताची आहे. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे सगळा उपदेश यांच्याभोवतीच फिरणार आहे.

रंग आला कुठून?

जपानी भाषेत कोई म्हणजे कार्प मासाच. जपानात निइगाता नावाचा प्रांत आहे. त्यातला यामाकोशीचा भाग डोंगराळ. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं आणि त्यांना पाणी देणारी लहान लहान तळी. हिवाळ्यात तिथे पुरुषभर उंचीहूनही जास्त बर्फ पडतो आणि वाटा बंद होतात. तेव्हा पोटाला काही असावे म्हणून शेतकरी त्या तळ्यांत साधा करडा कार्प पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत त्यातल्या काही माशांच्या अंगावर लाल-पांढरे डाग दिसू लागले. शेतकऱ्यांनी ते मासे खाल्ले नाहीत. बाजूला ठेवले आणि त्यांचीच वीण वाढवली. आपण उत्तम कणसातले बी राखून ठेवतो, तसाच हा प्रकार.

1904 साली जर्मनीतून कमी खवल्यांचा कार्प जपानात आला आणि त्याचा संकर होऊन नव्या जाती झाल्या. 1914 साली टोकियोच्या मोठ्या प्रदर्शनात हे रंगीत मासे मांडले गेले, तेव्हा शहरी लोकांनी ते पहिल्यांदा डोळे भरून पाहिले. तिथून त्यांची कीर्ती जगभर गेली. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये भूकंपाने यामाकोशीची तळी फुटली आणि सारे गाव खाली करावे लागले. तरी गावकरी परतले, तळी पुन्हा बांधली आणि मासे पुन्हा पाळले.

सांगायचे असे की, कोई हा राजवाड्यातला नाजूक मासा नव्हे. खाचराच्या वरच्या तळ्यात वाढलेला तो शेतकऱ्याचा मासा आहे. थंडी सोसतो, गढूळ पाणीही काही काळ सोसतो. सोसत नाही ते कोंडलेले, कुजलेले पाणी.

त्याचा भाऊ आपल्याकडे कधी आला?

तुमच्या शेततळ्यात जो ‘सायप्रिनस’ म्हणून मासा सोडतात, तो या कोईचा सख्खा भाऊ. जात एकच, फक्त रंग वेगळा. 1939 साली तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. 1957 साली त्याचा दुसरा वाण बँकॉकहून कटकला आला, आणि तोच पुढे सपाटीच्या तळ्यांत देशभर पसरला.

1957 हे साल आणखी एका कारणाने मोठे. त्याच वर्षी 10 जुलैला डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशाला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. रोहू, कटला हे मासे वाहत्या नदीतच वितात, म्हणून तोवर बीज नदीतून गोळा करावे लागे. या शोधाने ते हवे तेव्हा मिळू लागले. सायप्रिनसला मात्र सुईची गरज नाही. तो साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. कोईही तसाच. हौदात पाणवनस्पती असेल तर एखाद्या सकाळी तिच्यावर साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटलेली दिसतील. ती वेगळ्या टाकीत हलवा, नाहीतर मोठे मासेच खाऊन टाकतात.

तेव्हा सायप्रिनस सांभाळण्याची जी अक्कल तुमच्यापाशी आहे, तीच कोईला लागू पडते. आता ती क्रमाने पाहू.

पाण्याचा हिशेब आधी

एका पूर्ण वाढलेल्या कोईला साधारण 1000 लिटर पाणी धरा. हौद 10 फूट लांब, 8 फूट रुंद आणि पाणी 4 फूट खोल असेल तर त्यात सुमारे 9000 लिटर पाणी बसते. म्हणजे मोठे मासे नऊ, फार तर दहा. दुकानात बोटाएवढी पिल्ले दिसतात आणि माणूस पन्नास घेऊन येतो. तीच पिल्ले दोन वर्षांत हातभर होतात. रोगाची निम्मी गोष्ट इथेच सुरू होते.

खोली चार फुटांहून कमी नको. उथळ पाणी वैशाखात तापते, पौषात गारठते, आणि बगळा व खंड्या यांना आयतेच जेवण मिळते.

सिमेंटचा नवा हौद असेल तर घाई करू नका. त्यातला चुन्याचा अंश माशाला बाधतो. पाणी भरून चार-पाच दिवस ठेवा, सोडून द्या, पुन्हा भरा. असे तीन-चार वेळा करा. मातीचे तळे असेल तर मासे सोडण्याआधी गुंठ्याला दोन ते अडीच किलो चुना टाका. नळाचे क्लोरीनचे पाणी असेल तर ते एक दिवस उघड्यावर उन्हात ठेवून मगच हौदात घ्या.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. त्र्यंबकला पाऊस धो धो पडतो, पण आजूबाजूच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना लांब जावे लागते. ज्या घराला उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ पडते, त्याने हा शौक करू नये. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याने करावा, आणि हौदातून काढलेले पाणी गटारात न सोडता वांगी-मिरचीच्या वाफ्याला द्यावे. त्यात माशाची विष्ठा असते, ते पिकाला चांगले खतच आहे.

श्रावणातली पहाट

आपल्या भागात मासे मरतात ते बहुधा पावसाळ्यात, पहाटेच्या वेळी. कारण समजून घ्या. पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तोच प्राणवायू वापरते. आपल्याकडे श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दिवसाची कमाई होत नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. पहाटे पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तुम्हाला वाटते भूक लागली, आणि तुम्ही खाद्य टाकता. ते खाद्य कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते.

अशा वेळी खाद्य ताबडतोब बंद. बादलीने पाणी उचलून उंचावरून ओता, पंप असेल तर फवारा सुरू करा, जादा शेवाळ काढा. जमले तर पाव हौद ताजे पाणी भरा. वीज जाते हे धरून चाला. पंपावर विसंबून जास्त मासे ठेवू नका.

अंगणातले मातीचे लोट हौदात येणार नाहीत असा काठ करा. एकदम सगळे पाणी कधी बदलू नका. आठवड्याला दहावा हिस्सा बदलला तरी पुरे.

खाणे बेताचे

पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाका, दिवसातून एक-दोन वेळा. उरलेले काढून घ्या. देवाच्या कुंडात लाह्या आणि कणकेचे गोळे टाकण्याची आपली सवय घरच्या हौदाला लावू नका. डोहातले पाणी वाहते असते, हौदातले नाही. उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो माशाचे कल्ले जाळतो. मार्गशीर्ष-पौषात थंडी वाढली की माशाची पचनशक्ती मंदावते. तेव्हा खाद्य निम्म्याहून कमी करा, आणि पाणी फारच गार पडले तर बंदच ठेवा. चार दिवस उपाशी राहून कोई मरत नाही. जास्त खाऊन मरतो.

बाहेरून येणारा रोग

1998 साली इस्रायलमध्ये कोई आणि सायप्रिनस यांना मारणारा एक विषाणू ओळखला गेला. 2003 साली तो जपानातच कासुमिगाउरा सरोवरात पोहोचला आणि हजार टनांहून अधिक कार्प मेले. माणसाला त्याची बाधा होत नाही, रोहू-कटल्यालाही नाही. पण कोईला तो लागला तर औषध नाही. ज्या देशाने हा मासा घडवला त्याची ही गत झाली, तिथे आपली काय कथा? विकत आणलेल्या माशाबरोबर रोग येतो, एवढा धडा घ्या.

म्हणून नवा मासा थेट हौदात सोडायचा नाही. तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. टाकीत 1000 लिटरला 3 किलो या मानाने खडे मीठ थोडे थोडे करून विरघळवा. म्हणजे 500 लिटरच्या टाकीला दीड किलो. अंगावर चपटी ऊ, दोऱ्यासारखा किडा, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके किंवा लाल चट्टे आहेत का ते रोज बघा. टाकीचे जाळे, बादली हौदात बुडवू नका. मासा एका कोपऱ्यात उभा राहिला, अंग घासू लागला किंवा खायचा थांबला, तर आधी पाणी बदला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या किंवा पशुवैद्यकीय माणसाला दाखवा. ऐकीव औषध पाण्यात ओतू नका.

द्राक्ष आणि टोमॅटोवर फवारणी करणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. एंडोसल्फान माशाला फार विषारी होते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. आजची सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकेही माशाला तितकीच घातक आहेत, अगदी थेंबानेसुद्धा. फवारणीचा पंप हौदाजवळ धुऊ नका. वारा हौदाकडे असेल त्या दिवशी हौद झाका.

गोदेत सोडू नका

शेवटची गोष्ट, आणि हीच सर्वांत मोठी. मासे वाढले, हौद पुरेना, मग कोणी म्हणतो, “मारायचा कशाला, गंगेत सोडून देऊ. पुण्य लागेल.” बंधूंनो, हे पुण्य नव्हे. सायप्रिनस आणि कोई तळाचा चिखल उकरतात, पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात. काश्मीरच्या पाण्यात 1950 च्या दशकात हा मासा सोडला आणि तिथल्या मूळच्या माशांचे प्रमाण घसरले. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकातल्या पुरांबरोबर तो मरे-डार्लिंग नद्यांत पसरला. आजही तिथले सरकार त्याच्याशी झगडते आहे.

ब्रह्मगिरीवरून निघालेले पाणी पुढे आंध्रापर्यंत जाते. गौतम तलाव, गंगासागर, गोदावरी, वैतरणा यांत एकही रंगीत मासा सोडू नका. जास्त झाले तर शेजाऱ्याला द्या, दुकानदाराला परत करा. हौदाच्या सांडव्याला बारीक जाळी लावा, म्हणजे पावसाळ्यात पिल्ले ओढ्याला लागणार नाहीत.

तर थोडक्यात असे. मासे थोडे, पाणी खोल, खाणे बेताचे, नवा पाहुणा तीन आठवडे ओसरीवर. यामाकोशीच्या शेतकऱ्याने दोनशे वर्षं एवढंच केलं. रोज सकाळी उठून एकदा हौदावर जा, दोन मिनिटं उभे राहा आणि पाणी बघा. पाणी सांभाळलंत की मासा आपोआप सांभाळला जातो.