सहा महिन्यांनी पुन्हा या

हिंगण्याजवळ, डिगडोहच्या टेकड्यांवर लता मंगेशकर रुग्णालय आहे; त्याची साळवे वैद्यकीय संस्था 1990 सालची. त्याआधी मोठा आधार 1947 साली सुरू झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे ‘मेडिकल’चा. अंतर घटलं, अहवालाची धाकधूक मात्र तीच.

या धाकधुकीचा इतिहास यंत्रांइतकाच जुना असावा. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले, 1971 मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. जितकं जास्त दिसू लागलं, तितकं ‘नक्की काय’ हे सांगणं अवघड.

मॅमोग्राफीच्या अहवालांतली भाषा तर डॉक्टरांनाही गोंधळात टाकी. म्हणून 1993 मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांनी अंकांची पद्धत आणली. शून्य म्हणजे तपासणी अपुरी. तीन म्हणजे कर्करोगाची शक्यता फार तर दोन टक्के, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. एवढं अहवाल देतानाच सांगितलं, तर कितीतरी घरं शांत झोपतील!