विमानपथकाचा महिना



शौर्याच्या कथा इतिहासात लवकर शिरतात; हजेरीपटाला तेथे सहसा जागा मिळत नाही. आज ज्या संस्थेविषयी बोलावयाचे आहे, तिचा इतिहास मात्र हजेरीपटावाचून उलगडत नाही. ती संस्था म्हणजे ‘सिव्हिल एअर पेट्रोल’, अमेरिकेतील नागरिकांचे स्वयंसेवी विमानदल.

हे दल १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झाले आणि सहाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९४२ च्या जानेवारीपासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवू लागल्या. सरकारजवळ पहाऱ्यासाठी पुरेशी विमाने नव्हती. तेव्हा हौसेने विमान चालविणारी माणसे स्वतःची लहान, एका इंजिनाची विमाने घेऊन पुढे आली. मार्च १९४२ मध्ये अटलांटिक सिटीहून पहारा सुरू झाला. पुढे असे एकवीस तळ उभे राहिले.

आरंभी या विमानांवर शस्त्र नव्हते. मग त्यांचा उपयोग काय? पाणबुडी पाण्यावर असते तेव्हा वेगाने धावते. बुडी मारली की तिची गती मंदावते आणि पळणारे जहाज तिच्या हातून निसटते. वर विमान घिरट्या घालताना दिसले की तिला बुडी मारणे भाग पडे. म्हणजे नेम धरण्याइतकेच, रोज ठरल्या वेळी हजर असणे महत्त्वाचे होते. पुढे या विमानांना बॉम्बही मिळाले. त्यांनी दोन पाणबुड्या बुडविल्या असे अनेक वर्षे सांगितले जाई. जर्मन नोंदींत मात्र त्यास आधार मिळत नाही. पण त्यामुळे या कामाची किंमत कमी होत नाही. ३१ ऑगस्ट १९४३ पर्यंतच्या सुमारे अठरा महिन्यांत या माणसांनी दोन कोटी चाळीस लाख मैल उड्डाण केले. या किनारी पहाऱ्यात सव्वीस जणांनी प्राण गमावले.

युद्ध संपल्यावर अशा संस्थेने काय करावे? पुष्कळ संस्था प्रसंग सरला की विरतात. ही टिकली. १ जुलै १९४६ च्या कायद्याने तिला लोकोपकारी संस्थेची सनद मिळाली आणि २६ मे १९४८ रोजी ती अमेरिकी हवाई दलाची सहायक संस्था ठरली. आता तिच्याकडे तीन कामे राहिली: संकटात मदत, किशोरांचे शिक्षण आणि विमानविद्येचा प्रसार.

ही कामे गावोगावच्या पथकांत महिन्याच्या चाकोरीने चालतात. आठवड्यातून एका संध्याकाळी बैठक भरते, कोठे विमानतळावर, कोठे शाळेत. बाराव्या वर्षापासून मुलामुलींना प्रवेश मिळतो. महिन्याच्या बैठकांत नेतृत्व, विमानशास्त्र, व्यायाम आणि शीलसंवर्धन यांचे पाठ होतात. कवायत आणि सुरक्षिततेची उजळणीही असते. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना विमानात बसवून प्रत्यक्ष उड्डाणाचा अनुभव देतात. प्रौढ सभासद शोधकार्याचा सराव करतात: एकजण विमान चालवितो, बाकीचे खालची जमीन पट्ट्यापट्ट्याने न्याहाळतात. बहुतेक वेळा खाली काहीच सापडत नाही. हे सभासद पगार घेत नाहीत, उलट वर्गणी देतात.

या सरावाची कसोटी कधी लागेल ते आधी ठाऊक नसते. न्यूयॉर्कमधील मनोरे कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबर २००१ रोजी, देशभर नागरी उड्डाणे बंद असताना याच दलाच्या एका लहान विमानाने त्या जागेची छायाचित्रे घेतली. ते काम त्या दिवशी शिकून करण्याजोगे नव्हते.

युद्धकाळातील सभासदांना अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक २०१४ साली मिळाले. तोवर त्यांतील बहुतेक हयात नव्हते. सन्मानाची वाट पाहत संस्था बसली असती तर ती कधीच बंद पडली असती. मधल्या सात दशकांत तिला तगवून धरले ते ठरल्या संध्याकाळी दिवा लावून बसणाऱ्या चार माणसांनी. आपल्या गावच्या वाचनालयांचा आणि व्याख्यानमालांचा इतिहास लिहू बसणाऱ्यानेही आधी अशाच माणसांची नावे शोधावीत.