पिंगळ्याची बोली

फाल्गुन लागला की बाभुळगावच्या शिवाराला जरा उसंत मिळते. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, गहू-हरभरा घरी येऊ लागलेला असतो, पळस फुललेला असतो आणि त्यावर भोरड्यांचा गलका चाललेला असतो. आजचा हौशी माणूस अशा सकाळी दुर्बीण घेऊन बेंबळा धरणाच्या काठाला जातो. लोकगीते ऐकायची तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मंडपात. पक्षी हा एक छंद आणि गाणे हा दुसरा, ही वाटणी आपण गृहीतच धरली आहे, पण ती फार जुनी नाही. गावगाड्याच्या काळात पाखराची ओळख आणि गाणे या दोन्ही गोष्टी कानाच्या एकाच विद्येत मोडत. त्याचा ठळक पुरावा म्हणजे पाखराच्याच नावाने ओळखला जाणारा गायक, पिंगळा.

पिंगळा म्हणजे कुडमुडे जोशी. उजाडण्याआधीच्या अंधारात हातात कंदील, खांद्याला झोळी आणि तळहाताएवढे कुडमुडे वाजवीत तो दारोदार फिरे. घरधन्याचे भले चिंतणारी गाणी म्हणे, पुढचे चार दिवस कसे जातील ते सांगे, आणि हे आपल्याला पिंगळा पाखराने सांगितले अशी ग्वाही देई. उजाडू लागले की मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव टाळ-चिपळ्यांवर गात येई. एकाने पाखराचे नाव घेतले, दुसऱ्याने पाखराची पिसे डोक्यावर घेतली. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत वासुदेव आणि जोशी ही सोंगे येतात, म्हणजे सोळाव्या शतकातल्या श्रोत्याला ती ओळखीची होती. शकुनाची परंपरा तर त्याहून जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शकुन सांगणाऱ्या जीवांमध्ये पिंगळेचे नाव आहे. पोथीतला हा धागा मराठी मुलखात कुडमुड्याच्या तालावर घरोघर पोचला.

नावांची ही देवघेव दुसऱ्या बाजूनेही झालेली दिसते. गायकाने पाखराचे नाव घेतले, तशी पाखरांना गावाने आपल्या धंद्यांची नावे दिली. शिंपी पाने शिवतो, सुतार खोड ठोकतो, परीट पाण्याकाठी शेपटी आपटतो, खाटीक भक्ष्य काट्याला टांगतो. यातली बहुतेक नावे डोळ्यांनी दिलेली, पण तांबटाचे नाव निव्वळ कानाचे आहे. चिमणीहून थोडा मोठा असा हा हिरवा पक्षी पिंपळाच्या पानांत सहसा दिसत नाही. ऊन तापू लागले की तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी त्याची टुक-टुक सुरू होते. बोलताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कोणत्या फांदीवरून येतो तेही कळत नाही. ज्याने त्याला तांबट म्हटले, त्याने तो पाहण्याआधी ऐकला असला पाहिजे. पावश्याच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ ऐकू येते, तेही याच कानाचे काम.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. हे निरीक्षण कसले, ही तर भोळ्या माणसांची फसवणूक. मराठीत ‘कुडमुड्या जोशी’ हे अर्धवट ज्ञानाच्या माणसाला हिणवण्यासाठीच वापरतात. भविष्य खोटे होते, यात वाद नाही. पण त्यासाठी पाखराची निवड पाहा. पिंगळा हे चिमुकले घुबड रानात दडून राहत नाही. गावालगतच्या जुन्या झाडांच्या ढोलीत, पडक्या भिंतींच्या भोकांत घर करते. जोडीने राहते, संध्याकाळी आणि पहाटे कलकलाट करते, आणि तो कलकलाट ऐकला की दोघे भांडताहेत असेच वाटते. ‘बोली’ हा शब्द इतका चपखल दुसऱ्या कोणत्या पाखराला बसेल? त्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. याच दिवसांत सुगीचे धान्य घरात असते, वाटा कोरड्या असतात आणि भिक्षेकरी फिरू शकतो. पाखराचा आवाज, झोळीत पडणारे पसाभर धान्य आणि गाण्याची वेळ यांचा असा मेळ बसत होता. दारातल्या शेतकऱ्यालाही पिंगळा रोज ऐकू येई, म्हणून पाखराबद्दल वाटेल ते सांगून भागण्यासारखे नव्हते.

दुसरा आक्षेप असा की पक्ष्यांचे खरे ज्ञान नोंदींनी आणि नमुन्यांनी आले, गाण्यांनी नव्हे. हे बरेचसे खरे आहे, तरी पिंगळ्याच्याच भाऊबंदाची गोष्ट लक्षात घ्यावी. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर तो कोणाला सापडेना. संग्रहालयांत त्याची सात कातडी होती. १९१४ सालचा म्हणून मिरवलेला एक नमुना तर चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो जिवंत दिसला. तोवर शास्त्राकडे त्याची कातडी होती, पण त्याच्या आवाजाची नोंद नव्हती. नमुना आणि आवाज दोन्ही हवेत, हेच यातून निघते. विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचताना लोकांच्या तोंडची नावे जपली ती उगाच नव्हे.

शकुनाच्या समजुतीने घुबडांचे हालही केले, हे नाकारून चालणार नाही. अंधश्रद्धेपायी ती मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता त्यांना पकडणेही गुन्हा आहे. जोशी समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे, आणि त्याची मुले झोळी सोडून शाळेत जात असतील तर ते चांगलेच आहे. भविष्य गेले तर जाऊ द्यावे. गाणे, वाद्य आणि पाखराची नावे मात्र त्याबरोबर जाण्याचे कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. त्या वहीत पिंगळ्याच्या ओळीपुढे त्याचे गावातले नाव, त्याची वेळ आणि त्याच्या नावाने गायली जाणारी गाणी लिहावीत. ज्यांना ती येतात, ती म्हातारी माणसे आहेत तोवर हे काम उरकायला हवे.