बोगद्यातली धूळ आणि आपल्या गल्लीतला राडारोडा

शेजारी इमारतीचं काम सुरू झालं की दवाखान्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात. कधी त्याच इमारतीत फरशी कापणारा कारागीरही येतो. "डॉक्टर, तोंडाला रुमाल बांधतो की!" असं तो सांगतो. अशा वेळी मला हॉक्स नेस्टचा बोगदा आठवतो.

१९३० साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा खोदायला सुरुवात झाली. ते मंदीचे दिवस होते. दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेले हजारो मजूर मिळाले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. डोंगराचा दगड जवळजवळ शुद्ध सिलिका होता. धातूच्या कारखान्यात त्याला किंमत होती, म्हणून तो जपून साठवला गेला. धूळ मात्र कुणी आवरली नाही.

खरं तर उपाय माहीत होता. पोकळ पहारीतून पाणी सोडत छिद्र पाडणारं यंत्र १८९७ पासूनच आलं होतं. पण कोरडं काम लवकर उरकतं. त्यामुळे बोगद्यात बहुतेक काम कोरडंच झालं, आणि सुरुंग उडाल्यावर धूळ खाली बसण्याआधीच मजूर आत पाठवले गेले.

सिलिकाचे घातक कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या पहारेकरी पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. पुन्हा नव्या पेशी येतात, पुन्हा तेच घडतं. हळूहळू तिथे व्रण तयार होऊन फुप्फुस ताठर होतं. हाच सिलिकोसिस. एरवी त्याला १० वर्षं किंवा जास्त लागतात. त्या बोगद्यात काही महिन्यांतच माणसं धापा टाकू लागली. अनेकांच्या मृत्यूची नोंद न्यूमोनिया अशी झाली. १९३६ च्या संसदीय चौकशीत मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. पुढे १९८६ साली डॉ. मार्टिन चेर्नियाक यांनी नोंदी तपासून तो ७६४ असावा असा अंदाज मांडला.

या घटनेनंतर सिलिकोसिस हा कामातून होणारा आजार आहे, हे तिथल्या कायद्यांना मान्य करावं लागलं. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकेची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरवली. भारतात २०१६ मध्ये बांधकामाच्या राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम आले.

आपल्या गल्लीतही तीच सिलिका आहे: वाळूत, काँक्रीटमध्ये, ग्रॅनाइटमध्ये, टाइल्समध्ये. म्हणून एवढं पाहा:

• फरशी कापताना पात्यावर पाण्याची धार हवी.
• वाळू आणि राडारोडा ताडपत्रीखाली असावा, वाहून नेतानाही.
• कोरडा झाडू नको. आधी पाणी शिंपडा.
• रुमाल हे बारीक कण अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा.
• धुळीत काम करणाऱ्याला खोकला किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपलं काम काय ते आवर्जून सांगा. सिलिकोसिसमध्ये टीबीचा धोका वाढतो, आणि एक्स-रेत दोन्ही सारखे दिसू शकतात.

सिलिकोसिस झाल्यावर फुप्फुस पूर्ववत करणारं औषध आजही नाही. पाणी मात्र १८९७ मध्येही होतं.